महाड-पोलादपूरच्या घाटवाटा : पदर खोचा आणि चला!

मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकींना महाड आणि पोलादपूर ही गावं कशी ठाऊक असतात? "महाड आलं, उतरा, चहा घ्या, मुलांना बाथरूमला नेऊन आणा," एवढीच. पोलादपूर तर त्याहूनही घाईचं. डाव्या हाताला महाबळेश्वरचा फाटा दिसतो, पुढे कशेडीचा घाट येणार म्हणून आपण पिशवीत लिंबू आणि आवळासुपारी शोधायला लागतो, आणि गाव मागे पडतं. खिडकीतून पूर्वेकडे सगळा वेळ एक निळसर भिंत आपल्याबरोबर चालत असते. तिच्याकडे नीट बघायला सवड कुणाला?

ती भिंत सह्याद्रीची. खालचं कोकण आणि वरचा देश यांच्यामधली. या भिंतीवरून आज दोन मोटाररस्ते चढतात. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट. पण त्यांच्या आगेमागे पायवाटा किती आहेत म्हणून सांगू! मढे घाट, उपांड्या घाट, गोप्या घाट, कावल्या घाट, पारघाट, ढवळे घाट, बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ… नुसती नावं घेतली तरी आजीच्या गोष्टी ऐकल्यासारखं वाटतं. आज या वाटांबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

"अहो, डोंगर चढणं हे कॉलेजच्या मुलांचं काम. आम्ही संसारी बायका!" असं तुमच्यापैकी कुणी म्हणणार, हे मला ठाऊक आहे. पण या वाटा पाडल्या कुणी? संसारी माणसांनीच की. कोकणातलं मीठ, तांदूळ, सुकी मासळी याच वाटांनी वर गेली आणि देशावरची ज्वारी, मिरची, गूळ खाली आला. आणि मालाइतक्याच, किंबहुना त्याहून नेमाने, या वाटांनी लेकीबाळी गेल्या-आल्या. घाटाखालच्या मुली घाटावर दिल्या, घाटावरच्या खाली आल्या. घाटपायथ्याच्या एका वाडीत एका आजींशी गप्पा मारत बसले होते. त्यांचं माहेर वर, घाटमाथ्यावर. "दिवाळीला जायचं म्हटलं की कोंबड्याला निघायचं. कडेला पोर, डोईवर बोचकं. दुपारच्या भाकरीला आईच्या दारात." मी विचारलं, "दमायला नाही व्हायचं?" तर हसून म्हणाल्या, "माहेराला जाताना कोण दमतंय बाई? येताना मातुर पाय उचलायचा नाही." मोटाररस्त्याने तेच माहेर आता साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा घालून येतं, असंही त्यांनी सांगितलं.

आपली हिरकणी घ्या ना. रायगडाच्या पायथ्याची गवळण. कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला गडावर गेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कड्यावरून उतरून गेली, ही कथा आपण मुलांना सांगतो आणि तिच्या आईच्या काळजाचं कौतुक करतो. ते करावंच. पण मला नेहमी वाटतं, त्या कथेत एक गोष्ट आपण विसरतो. नुसत्या मायेने कडा उतरता येत नाही. डोक्यावर चरवी घेऊन ती तो डोंगर रोज चढत होती. कुठला दगड हलतो, कुठे गवत धरून चालेल, हे तिला पाठ होतं. तिला डोंगर माहीत होता, म्हणून माया कामाला आली.

आता मुख्य गोष्ट. घाटवाटेला निघण्याआधी आपण विचारतो, "किती किलोमीटर आहे हो?" हा प्रश्न सपाटीवरचा. इथे पहिला प्रश्न महिन्याचा. कोणत्या महिन्यात जाणार ते सांगा, मग वाट ठरवू.

कारण बघा, सावित्री नदी महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांच्या उंचीवर उगम पावते. तिथून उडी मारल्यासारखी खाली येते, पोलादपूर-महाडवरून जाते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. समुद्राच्या भरतीचं पाणी खाडीतून दासगावापर्यंत चढतं. म्हणजे महाडची बाई जवळजवळ समुद्राच्या पातळीवर स्वयंपाक करते, आणि पोलादपूरहून चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वरची बाई साडेचार हजार फुटांवर. दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंशांनी थंड होत जाते. खाली घामाने चिंब होऊन पंख्याखाली बसायचं, तेव्हा वर लोक शाल पांघरतात. खाली भातशेती, आंबा, नारळ, कोकम. मध्ये ऐन, किंजळ, कारवी. माथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचं बारमाही हिरवं रान. एका दिवसात पायी चढलात तर दोन-तीन मुलुख पाहिल्यासारखं होतं.

पावसाचं तर विचारूच नका. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात आणि तिथेच रिते होतात. महाडलाही वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरला दोनशे इंचांहून जास्त. गंमत अशी, की तिथून पूर्वेला वाईपर्यंत उतरलं की तो पाचव्या हिश्शाहूनही कमी होतो. उन्हाळाही तसाच टोकाचा. कोकण म्हणजे दमट, पण फार तापणार नाही, असं आपण धरून चालतो. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात भिऱ्याला २०१७ च्या मार्चमध्ये पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. मार्च संपता संपता दुपारी बारा वाजता उघड्या कातळावर सापडलात, तर तो कातळ तव्यासारखा भाजतो आणि वाटेतली टाकी कोरडी पडलेली असतात. म्हणून मार्च ते मे निघायचंच असेल तर पहाटे निघून दहाच्या आत सावलीत. (या दिवसांत वाटेवरची करवंदं मात्र पिकतात, तेवढं एक आमिष.)

या वाटांचं खरं हवामान म्हणजे नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. गवत वाळलेलं, वाट दिसणारी, हवा स्वच्छ, झऱ्यांना पाणी. दसऱ्याच्या सुमाराला सोनकीच्या पिवळ्या फुलांनी डोंगर मोठे साजरे दिसतात हे खरं, पण तेव्हा गवत कमरेएवढं असतं, खालची माती ओली असते आणि गवतात साप असू शकतो. काठी आपटत चालावं लागतं. नव्या मंडळींनी सोनकी रस्त्याच्या कडेनेच पाहावी.

आणखी एक. वाटांची नावं नीट ऐकायला शिका. नावातच पुष्कळ सांगितलेलं असतं. 'घाट' म्हटलं तर बहुतेक वेळा डोंगराच्या सोंडेवरून वळणं घेत चढणारी वाट, जिच्यावरून पूर्वी बैलसुद्धा जात. 'नाळ' म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ. तिच्यात वरून गडगडत आलेले धोंडे भरलेले असतात, ते चढत-उतरत जायचं, गुडघ्यांची परीक्षा. आणि 'निसणी' म्हणजे शिडी. नावातच शिडी आली म्हणजे काय ते समजून घ्या आणि ती वाट आपल्या भाचे-पुतण्यांना सोडून द्या.

ज्यांना अगदीच सवय नाही त्यांनी महाडलाच सुरुवात करावी. गावाजवळ, हमरस्त्यावरूनच दिसणारी गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. अर्ध्या तासाची पायऱ्यांची चढण, वर डोंगरात कोरलेली तीसेक लेणी आणि समोर गांधारी-सावित्रीचं खोरं. इथे धाप किती लागते त्यावरून पुढचा अंदाज घ्या. उतरून गावात चवदार तळ्यावर जा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या मांडवातून हजारो लोकांबरोबर पायी इथे आले आणि तळ्याचं पाणी प्याले. सार्वजनिक पाण्यापर्यंत चालत जाण्याचा हक्क मिळवायला केवढं चालावं लागलं! त्याच वर्षी डिसेंबरात इथेच भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं होतं, मुलींना शिकवा असं सांगितलं होतं. पाणी भरण्यात जन्म घालवलेल्या बायकांनी तळ्याच्या काठावर पाच मिनिटं तरी उभं राहावं.

रायगडाबद्दल मी थोडंच लिहिते, कारण तो तुमच्यापैकी अनेकींनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असेल. महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर पाचाड. तिथे जिजाऊसाहेबांची समाधी आहे. ६ जून १६७४ ला मुलाचा राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्या गेल्या. आधी तिथे डोकं टेकवा आणि मग पायऱ्यांना लागा. पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत. १९९६ पासून रोपवेही आहे, आणि गुडघे दुखत असतील तर त्यातून जाण्यात कमीपणा मुळीच नाही. माझं मत विचाराल तर चढून जावं आणि रोपवेने उतरावं, कारण गुडघे चढताना कुरकुरतात पण बिघडतात उतरताना. ज्यांना गर्दीचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी गडाला खालून प्रदक्षिणा घालण्याची वाट आहे. पूर्ण दिवसाची आहे, वाटाड्या लागतो, पण काळ आणि गांधारी नद्यांच्या मध्ये हा गड कसा एकटा उभा आहे ते तेव्हाच कळतं.

पण मला खरं सांगायचंय ते मढे आणि उपांड्या घाटांचं. महाडहून बिरवाडीच्या बाजूने रानवडीला यायचं. तिथून डोंगर चढला की वर केळद, पुणे जिल्ह्यातलं गाव. एका घाटाने चढायचं, दुसऱ्याने उतरायचं, आणि संध्याकाळी पुन्हा जिथून निघालो तिथे. चढण सुमारे दोन हजार फुटांची. रोज चालण्याची सवय असलेल्या बाईला चढायला तीन तास पुरतात, आणि थांबत थांबत गेलं तर चार. घाई कुणाला आहे?

मढे घाट हे नाव ऐकून बिचकू नका. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह त्यांच्या गावी, उमरठला, याच वाटेने नेला म्हणून याला मढे घाट म्हणतात, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. थंडीच्या दिवसांत ही वाट चढताना मनात येतंच : खांदेकऱ्यांनी ही वळणं कशी उतरली असतील, आणि खाली वाट बघत बसलेल्या घरच्या बायकांना बातमी कोणत्या वळणावर कळली असेल. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल ओळसुद्धा नाही.

वाट सुरुवातीला शेतांच्या बांधांवरून जाते, मग रानात शिरते. मध्ये मध्ये जुनी दगडी फरसबंदी दिसते, गुळगुळीत झालेली. दोन्ही बाजूंना कारवी. ही कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि तेव्हा डोंगर जांभळा होतो. तिच्या काठ्यांचे कूड विणून, त्यांवर शेणमातीचा गिलावा देऊन इथल्या घरांच्या भिंती झाल्या. आपल्या आज्या ज्याला कुडाचं घर म्हणत ते हेच. शेवटची चढण जरा दमवते, आणि मग एकदम गार वारा तोंडावर येतो. त्या वाऱ्यासाठीच सगळा खटाटोप. माथ्यावर बसून डबा उघडा. खाली रायगड, लिंगाणा, सगळं कोकण धुक्यात पसरलेलं असतं.

परतीला उपांड्या घाट. ही वाट उतरून कर्णवडीला येते. हे गाव डोंगराच्या मधल्या टप्प्यावर, ना धड घाटावर ना धड कोकणात. अशा मधल्या टप्प्यावरच्या वाड्यांमधून एखाद्या घरी आधी निरोप पाठवून ठेवला, तर तांदळाची भाकरी, पिठलं किंवा कुळथाची पिठी आणि ठेचा मिळतो. पैसे मात्र आधी विचारून, मोजून द्या. "राहू द्या हो ताई," असं त्या म्हणतील, तरी द्या. आपल्या घरी आयत्या वेळी आठ पानं वाढावी लागली की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. या वाड्यांमधली बरीच तरुण मंडळी मुंबई-पुण्याला. मागे म्हातारी माणसं आणि बायका. रस्ते झाले, एसटी आली, तेव्हा डोंगर चढून माहेरी जाणारी आता कुणी राहिली नाही. मग वाटेवर पाय पडत नाहीत, कारवी आत शिरते, पावसात फरसबंदी ढासळते आणि दोन-चार वर्षांत वाट नाहीशी होते. म्हणून जुन्या पुस्तकातला नकाशा खिशात असला तरी गावात विचारायचा प्रश्न एकच : "यंदा वाट आहे का?" माझ्या डोळ्यांसमोर एका वाडीतल्या मावशींनी यावर सरळ मान हलवली होती. "दरड आली तेव्हापासून नाय." आम्ही तिथूनच माघारी फिरलो, त्यांच्या ओट्यावर चहा प्यालो आणि भारंगीची भाजी कशी करायची ते ऐकून आलो. (पानं चिरून, उकळून, पहिलं पाणी टाकायचं म्हणजे कडूपणा जातो. मग लसूण, कांदा आणि भिजवलेली डाळ.)

दरडीचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलू. या भागावर दोनदा फार मोठा घाला पडला. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर खचले. पुन्हा २२ जुलै २०२१ ला तळिये गावाची वाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्यात बुडालं, बाजारपेठेत घराघरांतून चिखल उपसावा लागला. असं का होतं? इथला डोंगर म्हणजे खाली कठीण काळा कातळ आणि वर मुरुम-मातीचा थर. दिवसच्या दिवस पाऊस लागून राहिला की तो थर पाणी पिऊन जड होतो, कातळावरची त्याची पकड सुटते आणि झाडं-घरांसकट तो घसरतो. जमिनीला नव्या भेगा, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, झाडं किंवा खांब कलणं, डोंगरातून घरघर आवाज : यांतलं काहीही दिसलं-ऐकलं तर तिथून आडव्या दिशेला लांब निघून जायचं. सामान आवरत बसायचं नाही. हे वाटेवर लागू आहे तसंच डोंगराच्या कुशीत घर असलेल्यांनाही लागू आहे. तुमचं सासर-माहेर तसं असेल तर घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

म्हणून जून ते सप्टेंबर घाटवाटा नकोत. पुष्कळांना हे पटत नाही. धबधबे तर पावसाळ्यातच, असं म्हणतात. पण ७ जुलै २०२४ ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे असे लोट आले होते, की चढलेली माणसं अडकून पडली. तेही बांधलेल्या पायऱ्यांवर, कच्च्या वाटेची काय कथा? धबधबा पाहायचाच असेल तर पाऊस ओसरल्यावर शिवथरघळीला जा. समर्थ रामदासांनी इथे दासबोध सांगितला असं मानतात. १९३० साली धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ही घळ पुन्हा उजेडात आणली. गाडी जवळपर्यंत जाते, थोड्याच पायऱ्या आहेत, शेजारी धबधबा कोसळत असतो आणि आत घळीत शांत. सासूबाईंनाही बरोबर नेता येईल. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी मिळतात, पण हा रस्ता पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा. आणि तळियेला 'बघायला' म्हणून कुणी जाऊ नका. रस्ता तिकडून जात असेल तर मुकाट्याने जावं.

पोलादपूरकडची सगळ्यांत देखणी वाट म्हणजे पारघाट. गावातच शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, ती पाहून किनेश्वरच्या बाजूने चढायला लागायचं. वर पार गाव, रामवरदायिनीचं देऊळ, शिवकाळातला म्हणून सांगतात तो दगडी पूल, आणि माथ्यावर प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाचा तळ याच पारच्या परिसरात होता. महाबळेश्वरला आपण दहा वेळा जातो, स्ट्रॉबेरी आणि चप्पल घेऊन येतो. एकदा तरी या वाटेने चढून जाऊन पाहा, तेच ठिकाण वेगळं दिसतं.

आणि एक वाट मी मुद्दाम 'नको' म्हणून सांगते. पोलादपूर तालुक्यातल्या ढवळ्याहून चंद्रगडाच्या बाजूने थेट ऑर्थर सीटला चढणारी. तिचं वर्णन ऐकून हौस येते. पण आठ-दहा तासांची चढण, घनदाट रान, चुकलं तर हाक ऐकायला कुणी नाही. तीन-चार मोसम घाटवाटा चाललेल्या असाल आणि जाणता वाटाड्या बरोबर असेल, तरच.

आता तयारी. निघण्याआधी महिनाभर रोज अर्धा तास झपाझप चाला आणि इमारतीचे जिने दोन-तीनदा चढा-उतरा. नवे बूट घालून डोंगरावर जायचं नाही, आधी बाजारहाट करून ते पायात मुरवा. पोशाख सैल सुती. पंजाबी ड्रेसची ओढणी घरी ठेवा, ती झुडपात अडकते. नऊवारी नेसता येत असेल तर तिच्यासारखं सोयीचं काही नाही, घाटातल्या बायका काष्टा घालून शेळीसारख्या चढतात! पाणी दोन-तीन लिटर. इथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट सांगते. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून पुष्कळजणी पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, पायांत गोळे येतात, क्वचित चक्कर येते. पाणी प्या. मैत्रिणींनी मिळून साडीचा किंवा चादरीचा आडोसा धरायचा, लाजायचं काय त्यात? पाळीचे दिवस असतील तरी जाता येतं. वापरलेलं सारं कागदात गुंडाळून आपल्याच पिशवीतून परत आणायचं, रानात टाकायचं नाही.

डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू. आमसुलाचं सरबत साखर-मीठ घालून बाटलीत. ओली चटणी, दही नको. पाच-सहाजणी तरी असाव्यात, वाटाड्या गावातलाच घ्यावा. किती वाजता परतणार ते घरी आणि पायथ्याच्या गावातही सांगून ठेवावं, कारण घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. दुपारी दोनला जिथे असाल तिथून माघारी.

महागडं सामान लागतं हे मात्र खोटं. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल नावाची, तीन हजार किलोमीटरहून लांब अशी डोंगरवाट आहे. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजी ती एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई. घरी एवढंच सांगितलं, की जरा फिरून येते! पायांत साधे कॅनव्हासचे बूट, खांद्याला स्वतः शिवलेली पिशवी. आपल्याला तर एकच दिवस जायचंय, आणि पिशव्या शिवण्यात आपण कुणाला हार जाणार नाही.

खर्चही फार नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं वीर स्टेशन महाडपासून जवळ आहे. घाटपायथ्याच्या गावांना एसटीच्या फेऱ्या थोड्याच असतात, तेव्हा महाड आणि पोलादपूरच्या स्थानकावर परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, नाहीतर सहाआसनी रिक्षा ठरवा. घरी पोचल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून पंधरा मिनिटं पाय सोडून बसा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जिना उतरताना कठड्याला धरून, आडवं होऊन एकेक पायरी उतरावी लागली, तर शेजारणीला कारण सांगायला विसरू नका. पुढच्या खेपेला ती येईल.